आईच्या एमआरआयला कॉन्ट्रास्ट घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६१. दहा वर्षांपासून मधुमेह, मेटफॉर्मिन चालू. तीन आठवड्यांपूर्वी डावा हात झटके देऊ लागला, मग फिट आली. साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला सूज दिसली. न्यूरोफिजिशियननी लिहून दिलं, ‘कॉन्ट्रास्टसह पुन्हा करा,’ म्हणजे शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देऊन. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी, १.४ आहे. दरम्यान नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरला, की हे गॅडोलिनियम मेंदूत साठून राहतं, किडन्या घालवतं, आणि ज्यांना कोळंबी सोसत नाही त्यांनी तर घेऊच नये. आईंना कोळंबीने अंगावर पित्त उठतं. त्या म्हणतात, मला ते इंजेक्शन नको. मुलगा विचारतो, काय करू?

मी चोवीस वर्षं एमआरआय वाचतो आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत माझं उत्तर आधीच सांगतो: घ्या. पण ते का, आणि घेण्याआधी कुठल्या तीन-चार गोष्टी विचारून घ्यायच्या, हे नीट सांगायला हवं. कारण हेच इंजेक्शन घेऊ नका असं मी आठवड्यातून कुणाला ना कुणाला सांगत असतो.

आधी हे समजून घ्या, की याला ‘डाय’ म्हणतात तरी त्यात रंग नसतो. बाटलीतलं औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. गॅडोलिनियम हा धातू आहे. त्याच्या अणूत सात इलेक्ट्रॉन बिनजोडीचे असतात, त्यामुळे चुंबकाच्या क्षेत्रात तो आजूबाजूच्या पाण्याच्या कणांवर परिणाम करतो आणि जिथे तो पोहोचतो ती जागा चित्रात पांढरी चमकते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत निरोगी असताना त्याला मेंदूत शिरू देत नाही. जंतुसंसर्ग, गाठ किंवा दाह झाला की तिथली भिंत झिरपू लागते आणि औषध नेमकं तिथे उतरतं. साध्या एमआरआयमध्ये आम्हाला सूज दिसते. सूज म्हणजे धूर समजा. जाळ कुठे आहे, केवढा आहे, एकच आहे की चार आहेत, हे कॉन्ट्रास्टने दिसतं.

तुमच्या आईंच्या वयात आणि आपल्या देशात, पहिल्यांदा फिट येऊन मेंदूत सूज दिसली की माझ्या डोक्यात चार गोष्टी येतात. टीबीची गाठ म्हणजे ट्यूबरक्युलोमा, फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारा न्यूरोसिस्टिसर्कोसिस, मेंदूतलाच ट्यूमर, आणि शरीरात दुसरीकडे असलेल्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ. चारही साध्या चित्रात एकसारखी सूज दाखवू शकतात. कॉन्ट्रास्ट दिल्यावर मात्र वेगवेगळे वागतात. गाठीची कड उजळली की चित्रात कडी दिसते. सिस्टिसर्कोसिसची कडी बहुधा लहान, दोन सेंटिमीटरच्या आतली, पातळ आणि गुळगुळीत असते. नशीब चांगलं असेल तर आत कडेला एक ठिपका दिसतो, ते त्या जंताचं डोकं. टीबीची कडी जाड, वेडीवाकडी, आणि पुष्कळदा दोन-तीन कड्या एकमेकींना चिकटलेल्या. दुसरीकडून आलेल्या कॅन्सरच्या गाठी बहुतेकदा अनेक असतात, आणि त्यातल्या दाण्याएवढ्या गाठी कॉन्ट्रास्टशिवाय सहज निसटतात. या सगळ्याला अपवाद आहेत, म्हणूनच आम्ही डिफ्यूजन, स्पेक्ट्रोस्कोपी वगैरे एमआरआयचेच इतर प्रकार जोडीला बघतो. पण पहिला फाटा कॉन्ट्रास्टच फोडतो.

आणि फाटा फुटल्यावर उपचार किती वेगळे होतात बघा. एकीकडे जंतांवरचं अल्बेंडेझोल आणि काही दिवस स्टेरॉइड. दुसरीकडे टीबीची औषधं, मेंदूच्या टीबीला ती वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ चालतात. तिसरीकडे बायोप्सी किंवा ऑपरेशन. अंदाजाने औषध सुरू करण्याचा हा मामला नाही.

एक रुग्ण माझ्या मनातून जात नाही. सोलापूरकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा. फिट आली, साधा एमआरआय झाला, एक सूज दिसली. कॉन्ट्रास्टचं नाव काढल्यावर घरच्यांनी नकार दिला, पैशांचीही ओढ होती. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘ग्रॅन्युलोमा (दाहाची गाठ) असू शकतो, कॉन्ट्रास्ट अभ्यासाची शिफारस.’ त्या ओळीवर पुढे कुणी काही केलं नाही, मुलगा फिटच्या गोळ्यांवर राहिला. अडीच महिन्यांनी परत आला तेव्हा ताप, डोकेदुखी, मान ताठलेली. या वेळी कॉन्ट्रास्ट दिला. मेंदूच्या तळाशी असलेली आवरणं दिव्याच्या वातीसारखी उजळली. साध्या चित्रात तीच आवरणं जवळजवळ निर्दोष दिसत होती. टीबीचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह. मुलगा वाचला, पण एका डोळ्याची दृष्टी गेली. पहिल्या दिवशी मी रिपोर्टमध्ये ओळ लिहून थांबलो. वडिलांना समोर बसवून दहा मिनिटं समजावलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला आजही पडतो. त्यानंतर मी अशी ओळ लिहिली की नातेवाइकांना आत बोलावतो.

आता धोक्याबद्दल, आणि इथे काही झाकून ठेवणार नाही.

गॅडोलिनियम सुटं असेल तर विषारी आहे. त्याच्या आयनचा आकार कॅल्शियमच्या जवळपासचा, त्यामुळे शरीरात तो कॅल्शियमच्या कामात अडथळा आणतो. म्हणून औषधात तो एका मोठ्या रेणूच्या पकडीत बंद करून देतात. ही पकड दोन प्रकारची असते. एकीत रेणू मोकळ्या साखळीसारखा धातूला गुंडाळलेला असतो, त्याला लिनियर म्हणतात. दुसरीत धातू पिंजऱ्यात कोंडल्यासारखा असतो, त्याला मॅक्रोसायक्लिक म्हणतात. पिंजऱ्यातून धातू सुटणं फार अवघड. हा फरक रसायनशास्त्राच्या पुस्तकापुरता राहिला असता तर बरं झालं असतं.

पहिलं औषध १९८८ मध्ये बाजारात आलं. जवळपास वीस वर्षं आम्ही सगळे ते अतिशय निर्धोक समजत होतो. मी शिकत होतो तेव्हा किडनीच्या रुग्णाला सीटीचा आयोडीनवाला कॉन्ट्रास्ट नको म्हणून त्याला विश्वासाने एमआरआयला पाठवायचो, आणि रक्तवाहिन्यांच्या तपासणीसाठी गॅडोलिनियम दुप्पट, कधी तिप्पट मात्रेत द्यायचो. मीही दिलं आहे. मग २००६ मध्ये युरोपातून बातमी आली, की डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये दिसणाऱ्या एका भयंकर आजाराचा संबंध याच औषधाशी आहे. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस. पायांची कातडी लाकडासारखी घट्ट होते, सांधे आखडतात, काही जणांत आतले अवयवही. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या औषधांच्या वेष्टनावर ठळक इशारा आला. आम्ही ज्यांना जपायला म्हणून हे देत होतो, नेमके तेच रुग्ण धोक्यात होते. हे लिहितानाही मला जड जातं.

पण त्यातून काय शिकलो, ते तुमच्या उपयोगाचं आहे. हे रुग्ण जवळजवळ सगळे किडनी पार निकामी झालेले, डायलिसिसवरचे किंवा अचानक किडनी बंद पडलेले होते, आणि बहुतेकांना लिनियर औषध, तेही मोठ्या मात्रेत मिळालेलं होतं. हे ओळखून पद्धत बदलली आणि नवे रुग्ण दिसणं जवळपास थांबलं. आज आम्ही क्रिएटिनिनवरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज, काढतो. तो ३० च्या खाली असेल तर थांबून विचार करतो. ६१ वर्षांच्या बाईचं क्रिएटिनिन १.४ असेल तर ईजीएफआर साधारण ४३ येतो. म्हणजे तुमच्या आईंची किडनी थकलेली आहे, पण धोक्याच्या रेषेच्या बरीच वर आहे. फक्त हे क्रिएटिनिन कधीचं आहे ते बघा. मधल्या काळात उलट्या, जुलाब, ताप असं काही झालं असेल तर पुन्हा करून घ्या.

‘किडन्या घालवतं’ हे मात्र उलटं सांगितलं गेलं आहे. नेहमीच्या मात्रेत हे औषध चांगली किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच बिघडलेली असेल तर औषध बाहेर पडायला वेळ लागतो आणि पकड सुटायला वाव मिळतो, धोका तो आहे. किडनी ठीक असेल तर दीड-दोन तासांत निम्मं आणि दिवसभरात बहुतेक सगळं लघवीतून निघून जातं. डायलिसिसवरच्या रुग्णालासुद्धा गरज असेल तर आज मॅक्रोसायक्लिक औषध देतात, फक्त वेळ अशी धरतात की लगेच पुढे त्याचं ठरलेलं डायलिसिस येईल.

मेंदूत साठतं, हे मात्र खरं आहे. ग्रुपवरच्या मजकुरातला हा भाग कुणी रचलेला नाही. २०१४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं, की ज्यांना ६ किंवा जास्त वेळा कॉन्ट्रास्ट मिळाला होता त्यांच्या मेंदूच्या दोन ठरावीक भागांत, साध्या एमआरआयमध्येही, पांढरेपणा उरला होता. पुढच्या वर्षी अमेरिकेत शवविच्छेदनात त्याच जागी प्रत्यक्ष गॅडोलिनियम सापडलं. हाडांत तर ते त्याहून जास्त राहतं. प्रमाण अतिशय सूक्ष्म, पण आहे. लिनियर औषधांनी जास्त, मॅक्रोसायक्लिकने बरंच कमी. २०१७ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी बहुतेक लिनियर औषधांचा शिरेतून वापर थांबवला, यकृताच्या तपासणीची दोन ठेवली. अमेरिकेने औषधं बंद केली नाहीत, पण रुग्णाला लेखी माहिती देणं बंधनकारक केलं.

या साठलेल्या कणांमुळे किडनी चांगली असलेल्या माणसाला अमुक एक आजार होतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. काही लोक इंजेक्शननंतर महिनोन्‌महिने अंगदुखी, जळजळ, डोकं जड राहणं अशा तक्रारी सांगतात. त्यांचं मी ऐकून घेतो, नोंद करतो, आणि पुढचा कॉन्ट्रास्ट टाळता येईल का ते बघतो. कारण आणि परिणाम जोडणारा पुरावा मात्र अजून उभा राहिलेला नाही. एक कळकळीने सांगतो: ‘शरीरातलं गॅडोलिनियम काढून देतो’ म्हणून शिरेतून कीलेशनची, म्हणजे धातूला धरून बाहेर काढणारी, औषधं देणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यातून फायदा होतो हे दिसलेलं नाही, आणि त्या औषधांचे स्वतःचे धोके आहेत.

तेव्हा माझा हिशेब असा. एकदा, योग्य कारणासाठी, मॅक्रोसायक्लिक औषध घेतल्याने होणारं नुकसान फार लहान. मेंदूतल्या गाठीचं चुकीचं निदान हे फार मोठं. पण दर सहा महिन्यांनी, सवयीने, ‘आहेच तर देऊन टाकू’ म्हणून दिलेला कॉन्ट्रास्ट या हिशेबात बसत नाही.

असे कॉन्ट्रास्ट दिले जातात. गेल्या वर्षी हिंजवडीत नोकरी करणारा तिशीतला तरुण आला, चार वर्षांतले कमरेचे तीन एमआरआय घेऊन, तिन्ही कॉन्ट्रास्टसह. दुखणं एकच, एल-फोर एल-फाइव्हची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली, गादी सरकून पायात जाणारी कळ. गादी सरकलेली बघायला कॉन्ट्रास्ट लागत नाही, पाण्याचं प्रमाण दाखवणाऱ्या साध्या चित्रातच ती स्वच्छ दिसते. ऑपरेशन झालेल्या कमरेत पुन्हा दुखू लागलं तर गोष्ट वेगळी. तिथे जुनी जखम भरल्याचा व्रण आणि पुन्हा सरकलेली गादी यातला फरक कॉन्ट्रास्ट सांगतो: व्रण उजळतो, गादी उजळत नाही. गुडघ्याचे लिगामेंट आणि मेनिस्कस, ताजा पक्षाघात, पित्तनलिकेतले खडे बघायचा एमआरसीपी, विसरभोळेपणाची तपासणी, यांना बहुतेक वेळा साधा एमआरआय पुरतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मज्जातंतूंच्या आवरणाला दाह होणाऱ्या आजाराच्या) रुग्णांना पूर्वी दर फेरीला कॉन्ट्रास्ट देत असत, २०२१ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर नेहमीच्या पाठपुराव्यात तो सरसकट देण्याची गरज राहिलेली नाही. उलट स्तनाच्या कॅन्सरसाठी केलेला एमआरआय कॉन्ट्रास्टशिवाय करणं म्हणजे पैसे आणि वेळ दोन्ही वाया. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीची बारीक गाठ, यकृतातली संशयास्पद गाठ, हृदयाच्या स्नायूतला व्रण, पू, मेंदूची आवरणं, इथे नाही म्हणू नका.

म्हणून सही करायचा कागद पुढे आला की एवढंच विचारा: ‘कॉन्ट्रास्टने कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार आहे, आणि त्या उत्तराने उपचार बदलणार आहेत का?’ तुमच्या आईंच्या बाबतीत न्यूरोफिजिशियन एका वाक्यात उत्तर देतील. कमरेच्या त्या तरुणाने विचारलं असतं तर कुणालाच ते देता आलं नसतं.

दुसरं विचारायचं ते औषधाचं नाव. सेंटरला फोन करून विचारा, संकोच नको. गॅडोटेरिक ॲसिड, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल ही मॅक्रोसायक्लिक नावं. डोटारेम, क्लॅरिस्कॅन, गॅडोविस्ट, प्रोहान्स अशा ब्रँडखाली ती मिळतात. गॅडोडायामाइड किंवा गॅडोपेंटेटेट असं उत्तर आलं तर ती लिनियर. मॅक्रोसायक्लिक मागवून द्या म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, थोडे पैसे जास्त पडले तरी. आईंचं वजन ५५ किलो धरलं तर मात्रा साधारण ११ मिलि, आणि गॅडोब्युट्रॉल दुप्पट तीव्रतेचं असल्यामुळे त्याची साडेपाच मिलि. नाव आणि मात्रा रिपोर्टवर लिहून द्यायला सांगा. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर तो कागद कामाला येईल.

कोळंबीचं काय? काही संबंध नाही. ती समजूत सीटीच्या आयोडीनवाल्या औषधाभोवती तयार झाली, आणि तिथेही ती चुकीचीच आहे, कारण माशांची ॲलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नाही. गॅडोलिनियमच्या औषधात तर आयोडीनच नाही. कोकणातून येणाऱ्या रुग्णांना मला हे रोज सांगावं लागतं. तरीही पित्त उठतं हे फॉर्मवर जरूर लिहा, कारण ज्यांना दमा किंवा कसलीही ॲलर्जी आहे त्यांच्यावर आम्ही जरा जास्त लक्ष ठेवतो. खरी काळजी असते ती पूर्वी गॅडोलिनियमचीच रिॲक्शन आलेल्यांची. त्यांना औषध बदलून, लागलं तर आधी स्टेरॉइड देऊन करतात. ॲलर्जीसारखी रिॲक्शन फार थोड्यांना येते, आणि आली तर बहुधा अंगावर गांधी किंवा खाज एवढीच. जीवावर बेतणारी रिॲक्शन लाखात एक ते दहा जणांना. ती बहुतेक पहिल्या काही मिनिटांत येते, म्हणून सेंटरमध्ये डॉक्टर हजर आहे ना आणि ॲड्रेनॅलिन हाताशी आहे ना, एवढं विचारा. नंतर अर्धा तास तिथेच बसा.

मेटफॉर्मिन बंद करायची गरज नाही. हीदेखील सीटीच्या सूचनांमधून आलेली गल्लत आहे. काही सेंटर चार तास उपाशी यायला सांगतात. मधुमेह असताना तेवढा वेळ काढणं कठीण असेल तर तसं आधी बोला आणि सकाळची पहिली वेळ घ्या. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलेला असेल तर तो आधी काढावा लागतो का तेही विचारा. (हाच प्रश्न गरोदर सुनेसाठी असता तर माझं उत्तर बदललं असतं. औषध वारेतून बाळापर्यंत जातं, म्हणून अगदी अडल्याशिवाय गरोदरपणात देत नाही. बाळाला पाजणाऱ्या आईला मात्र चालतं, दुधात उतरणारा अंश नगण्य असतो.)

साधा एमआरआय झालेला आहे, त्याची सीडी सोबत न्या. कधी कधी तेवढ्यावर कॉन्ट्रास्टचे मोजके सीक्वेन्स (चित्रांचे संच) करून काम भागतं आणि आईंना यंत्रात कमी वेळ पडून राहावं लागतं. वेळेआधी पंधरा मिनिटं पोहोचून रेडिओलॉजिस्टला भेटायला मागा. आम्ही पडद्यामागे असतो म्हणून लोक मागत नाहीत, पण मागितलं तर नाही म्हणणारा सहसा भेटणार नाही.

आणि आईंना आदल्या रात्री हे सांगून ठेवा. आधी हातात एक लहान सुई लावून ठेवतील. पंधरा-वीस मिनिटं यंत्र ठकठक करेल, कानात बोळे असतील. मग टेबल बाहेर येईल, टेक्निशियन म्हणेल, ‘मावशी, आता औषध देतोय, हात हलवू नका.’ कोपरापासून खांद्याकडे गार वाटेल. तोंडात तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायल्यासारखी चव येऊ शकते, क्षणभर मळमळेल, दीर्घ श्वास घेतला की जाते. सुईच्या जागी आग झाली किंवा हात फुगल्यासारखा वाटला तर लगेच सांगायचं. त्यांच्या मुठीत एक रबरी बल्ब दिलेला असेल. तो दाबला की मी काचेपलीकडून उठून येतो, आणि यंत्र थांबवतो.